दोन स्थानकांमधला डाव: थोडक्या वेळात खेळायच्या ऑनलाइन खेळांची रचना

उतारू (धागाकर्ता)

मी रोज सकाळी पिंपरी-चिंचवड स्थानकावर मेट्रोत बसतो आणि मंडईला उतरतो. मागच्या महिन्यात माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई फोनवर पत्ते खेळत होत्या. डाव रंगात आला होता. हुकमाचा एक्का त्यांनी शेवटपर्यंत राखला होता, आणि शिवाजीनगर मागे पडल्यावर तो आता टाकावा की आणखी एक हात थांबावे, या विचारात त्यांचा अंगठा पानावर नुसताच टेकलेला मला दिसत होता. तेवढ्यात पुढच्या स्थानकाची घोषणा झाली. त्यांना तिथे गाडी बदलायची होती. त्यांनी मागे जाण्याचे बटण दाबले, तर पडद्यावर लाल चौकट आली: डाव सोडल्यास पन्नास नाणी कापली जातील, नक्की सोडायचा आहे का? "अरे, मी कुठे सोडतेय? स्टेशन आलंय," असे त्या चक्क फोनला म्हणाल्या आणि चौकट तशीच ठेवून, फोन पर्समध्ये टाकून उतरल्या.

आम्ही तिघे मित्र सुट्टीच्या वेळात एक लहानसे संकेतस्थळ बांधत आहोत, आणि ती लाल चौकट पाहिल्यापासून आमच्या आराखड्याची बरीच पाने मी पुन्हा लिहिली आहेत. स्थळावर सध्या दोनच खेळ आहेत, पाच-तीन-दोन आणि मराठी शब्द ओळखण्याचा एक खेळ. कोणताही डाव दोन ते चार मिनिटांत संपावा, असे आमचे गणित आहे. या विषयात काम केलेली आणि असे खेळ रोज खेळणारी मंडळी इथे बरीच आहेत, म्हणून हा धागा.

माझे मत आधीच स्पष्ट मांडतो. थोड्या वेळाचा खेळ रचताना खेळणाऱ्याला बसवून कसे ठेवायचे, यापेक्षा त्याला उठता कसे येईल, हा प्रश्न मोठा आहे. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो, तिथे प्रत्येक खेळणारा सरासरी किती मिनिटे थांबला याचा आलेख भिंतीवरच्या पडद्यावर दिवसभर झळकत असे, आणि ती रेघ वर चढली की पेढे वाटले जात. त्या रेघेत कितीजणांचे स्थानक चुकले, कितीजणांचे दूध उतू गेले, हे कुठेच दिसत नव्हते. मीही ते पेढे खाल्ले आहेत, म्हणून हे तक्रारीपेक्षा कबुलीच्या सुरात वाचावे.

आपल्या वाड्यांतल्या आणि सोसायट्यांतल्या मुलांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. लपंडाव ऐन भरात असताना आईची हाक आली, की "टाइमप्लीज" म्हणायचे आणि खुशाल जायचे. तेवढ्यात कोणी आऊट करायचे नाही, परत आल्यावर डाव तिथूनच पुढे. हरायला आल्यावर पळ काढणे हा मात्र रडीचा डाव, आणि त्याची चिडवाचिडवी वेगळी. या दोहोंतला फरक सात वर्षांच्या मुलाला कळतो, पण त्या बाईंच्या फोनमधल्या खेळाला कळला नाही. त्याच्या लेखी उठणारा प्रत्येकजण रडीच खेळत होता.

जुने खेळ या बाबतीत अधिक सभ्य होते, असे मला वाटते. विंडोज ३.० बरोबर १९९० साली आलेला सॉलिटेअर किंवा नोकियाच्या ६११० फोनवर १९९७ साली आलेला साप, दोघांचेही खेळणाऱ्याकडे काही येणे नव्हते. साप भिंतीवर आपटला, विषय संपला. २०१२ सालच्या कँडी क्रशने पाच जीव दिले आणि गेलेला जीव अर्ध्या तासाने परत मिळेल, अशी योजना केली. वरवर पाहता हीसुद्धा थांबण्याचीच सोय आहे. परंतु तिथे थांबायचे केव्हा आणि परतायचे केव्हा, हे दोन्ही खेळ ठरवतो, आणि वाट पाहवत नसेल तर पैसे मागतो. २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वांसाठी खुला झालेला वर्डल हा शब्द ओळखण्याचा खेळ मला याहून प्रामाणिक वाटतो, कारण दिवसाला एकच कोडे, सहा प्रयत्न, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत तो स्वतःच दार लावून घेतो.

पाच-तीन-दोन आम्ही का निवडला, हेही सांगतो. ३० पाने, तीन भिडू, प्रत्येकाला दहा पाने. एकाने पाच, दुसऱ्याने तीन आणि तिसऱ्याने दोन हात करायचे, म्हणून हे नाव. पहिली पाच पाने हाती आल्यावर पाच हात करायचे असलेल्याने हुकूम बोलायचा. दोन्ही भिडू यांत्रिक, म्हणजे संगणकाने चालवलेले, असतील आणि माणूस एका पानाला पाच सेकंद घेत असेल, तर सगळा डाव साधारण दीड मिनिटात उरकतो. दोन स्थानकांच्या मधल्या अंतराचे हे माप आम्हाला आयते मिळाले.

आता अडचणी. डाव मध्येच तुटला तर काय करावे? तीन खरे भिडू एकाच वेळी मिळावेत कसे? आणि "उद्या पुन्हा या" असे सांगायचेच असेल, तर कोणत्या शब्दांत सांगावे?

प्रणालीकार

पहिल्या प्रश्नाबद्दल अनुभवाने सांगतो. डाव तुटण्याचा क्षण पकडून त्या वेळी जतन करू, असा विचार बहुतेक नवे लोक करतात, आणि इथेच फसतात. संगणकावर वेबपान बंद होताना ब्राउझर जी शेवटची सूचना देतो, तिच्यावर मोबाइलमध्ये विसंबता येत नाही. माणूस दुसऱ्या अॅपमध्ये जातो, फोन खिशात टाकतो, मागे स्मृती कमी पडली की यंत्रणा ते वेबपान कोणालाही न विचारता काढून टाकते. वेबपान नजरेआड गेल्याची सूचना त्यातल्या त्यात भरवशाची असते, पण मी तिच्यावरही सर्वस्व टाकत नाही. प्रत्येक पान टाकल्याबरोबर जतन करावे. शेवट असा काही नसतोच, असे धरून लिहिलेला खेळच टिकतो.

आणि जतन करायचे ते किती? संपूर्ण पटाचे चित्र साठवण्याची गरज नाही. पत्ते ज्या यादृच्छिक बीजावरून पिसले गेले ते बीज (म्हणजे पिसण्याचा क्रम ज्यावरून ठरतो तो एक आकडा), बोललेला हुकूम आणि आतापर्यंत टाकलेली पाने क्रमाने, एवढे असले की डाव जसाच्या तसा पुन्हा मांडता येतो. शंभरेक बाइटांत मावणारी गोष्ट आहे ही. फक्त एक पथ्य पाळावे. समोर खरी माणसे असतील, तर बीज सर्व्हरवरच राहिले पाहिजे आणि प्रत्येक फोनला फक्त त्याचीच पाने कळली पाहिजेत, नाहीतर थोडाफार कोड वाचता येणारा कोणताही अभियांत्रिकीचा विद्यार्थी सर्वांचे पत्ते उघडे करून बसेल. पुण्यात त्यांची वाण नाही.

यापेक्षाही अधिक काळजी मला सुरुवातीची वाटते. एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट, त्यामुळे सेकंदाला एक मेगाबिट इतकीच गती मिळत असेल तर तेवढे उतरायला आठ सेकंद जातात. दीड मिनिटाच्या डावासाठी आठ सेकंद गोल फिरणारे चक्र पाहणे म्हणजे चहाच्या कपासाठी रांगेत उभे राहण्यासारखे आहे. मोठी त्रिमितीय इंजिने, म्हणजे खेळ बांधायची तयार साधने, वापरून बांधलेले वेबखेळ याच्या कितीतरी पट जड होतात. पत्त्यांना त्यातले काहीच लागत नाही. पाने साध्या सदिश चित्रांनी, म्हणजे रेषा आणि आकारांच्या वर्णनावरून उमटणाऱ्या हलक्या चित्रांनी, काढा, सर्व काही एकदा फोनमध्ये साठवून ठेवा, म्हणजे भुयारात जोडणी गेली तरी यांत्रिक भिडूंबरोबरचा डाव अडणार नाही. खाते उघडा, ओटीपी टाका, टोपणनाव निवडा, हे सगळे पहिला डाव खेळून झाल्यावर विचारावे, आणि विचारलेच नाही तर फारच उत्तम.

तिसरी_शिट्टी

मी तंत्रज्ञ नाही, पण ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांच्यातली आहे, म्हणून लिहिते. माझा खेळण्याचा वेळ म्हणजे कुकर लावल्यापासून तिसरी शिट्टी होईपर्यंत. शिट्टी झाली की मी उठते. त्या वेळी एका हाताला कणीक असते आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खेळ चाललेला असतो. त्यामुळे माझ्या मागण्या घरगुती आहेत.

टाकायची पाने पडद्याच्या खालच्या भागात असावीत, वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा पोचत नाही. पाने एकमेकांवर इतकी दाटीने नसावीत की चौकटची दश्शी टाकायला जावे आणि शेजारची राणी पडावी. चुकून पडलेच, तर एक-दोन सेकंद ते मागे घेता यावे. आवाज आपणहून सुरू होऊ नये. आणि दीड मिनिटाच्या डावानंतर अर्ध्या मिनिटाची जाहिरात दाखवणार असाल, तर माझ्या दोन मिनिटांतला पाव हिस्सा तुम्ही खाल्लात, हे लक्षात असू द्यावे. भाजीवाल्याने पावशेर कापून घेतले तर आम्ही भांडतो.

जुना_भिडू

ताईंशी पूर्ण सहमत. मी निवृत्त आहे आणि दिवसातून तीन-चार डाव बुद्धिबळ खेळतो, तेव्हा वेळेच्या मापाबद्दल एक निरीक्षण नोंदवतो.

ऑनलाइन बुद्धिबळात डावापुढे आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ तीन अधिक दोन. याचा अर्थ प्रत्येकाला तीन मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे दोन सेकंदांची भर. लिचेस या विनामूल्य, जाहिरातमुक्त स्थळावर डावाचा प्रकार ठरवताना मूळ वेळ अधिक चाळीस चालींची भर, असा हिशेब धरतात. तीन अधिक दोनचा हिशेब १८० अधिक ८०, म्हणजे २६० सेकंद. पण हे एका खेळाडूचे घड्याळ झाले. समोरचाही तेवढाच वेळ घेऊ शकतो, त्यामुळे डाव पावणेनऊ मिनिटांपर्यंत सहज लांबतो. "पाच मिनिटांचा डाव" असे वाचून बसलेला नवखा माणूस दहा मिनिटे अडकतो आणि घरच्यांची बोलणी खातो. मी स्वतः खाल्ली आहेत.

म्हणून माझी सूचना अशी, की तुमच्या स्थळावर डावाशेजारी जी मिनिटे लिहाल ती घड्याळाच्या नियमाची न लिहिता, माणूस प्रत्यक्ष किती वेळ अडकेल याची लिहावीत, आणि तीही सर्वांत लांबलेल्या डावाची. पाटीवर "अंदाजे दोन मिनिटे" आणि प्रत्यक्षात पाच, हे नको.

दुसरे असे, की आमच्या तरुणपणी बुद्धिबळाचे डाव पोस्टकार्डावरही खेळले जात. एक चाल लिहायची, कार्ड पेटीत टाकायचे आणि उत्तराची वाट पाहायची. डाव महिनोन्महिने चाले, पण त्यातली प्रत्येक बैठक पाच मिनिटांचीच असे. लहान बैठक आणि लहान डाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही त्या एकच धरून चालला आहात, असे मला धाग्यावरून वाटले.

उतारू

जुना_भिडू, शेवटचा मुद्दा अगदी वर्मावर बसला. मी तो एकच धरूनच चाललो होतो. त्यामुळे तीन भिडू मिळवण्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, म्हणून आमचा रविवारी केलेला हिशेब इथे मांडतो.

रांगांच्या गणितात जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे. एखाद्या जागी एका वेळी सरासरी किती माणसे असतील, तर येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा काळ. आमच्याकडे दिवसाला ३०० भेटी झाल्या असे धरू, आणि त्या पंधरा तासांत सारख्या विखुरल्या असे मानू. तासाला २० जण. प्रत्येकजण चार मिनिटे थांबतो. म्हणजे २० गुणिले चार भागिले ६०, उत्तर १.३३. कोणत्याही क्षणी स्थळावर सरासरी दीड माणूसही नाही, आणि पाच-तीन-दोनला तीन लागतात!

हा हिशेब फळ्यावर लिहिल्यावर आम्ही तिघे काही वेळ गप्प बसलो. लोकांना लवकर उठू देणे हे आमचे तत्त्व, आणि लोक लवकर उठतात म्हणून खोली रिकामी. भिंतीवरचा तो मिनिटांचा आलेख मोठ्या कंपन्यांना इतका प्रिय का असतो, याचे एक कारण इथे सापडले. माणूस जास्त वेळ थांबला की जाहिराती जास्त दिसतात, हे तर आहेच. पण त्याच्यामुळे दुसऱ्यालाही भिडू मिळतो.

यावर एक वाट ब्रिजवाल्यांनी दाखवलेली आहे. डुप्लिकेट ब्रिजमध्ये एकच वाटणी निरनिराळ्या टेबलांवर फिरवतात आणि त्याच पत्त्यांवर कोणी किती हात केले, याची तुलना करतात. पाने चांगली आली की वाईट, हा नशिबाचा भाग त्यातून गळून पडतो. आम्ही तसेच करणार आहोत. रोज सकाळी सर्वांना तीच ३० पाने, तीच वाटणी, आणि सोबत तेच दोन यांत्रिक भिडू. कोणी सकाळी मेट्रोत खेळेल, कोणी दुपारी बँकेत टोकनची वाट पाहताना. रात्री सर्वांचे हात शेजारी शेजारी मांडलेले दिसतील: इथे तुम्ही किलवर हुकूम बोललात, बहुतेकांनी बदाम बोलला. भिडू एकाच वेळी हजर असण्याची अटच उरत नाही.

यांत्रिक भिडूला मात्र यांत्रिकच म्हणायचे, असे आम्ही ठरवले आहे. काही खेळांत बॉटला माणसासारखे नाव आणि छायाचित्र देऊन बसवतात आणि खेळणाऱ्याला शेवटपर्यंत कळू देत नाहीत. मला ते फसवणुकीच्या जवळचे वाटते. आमच्याकडे त्यांची नावे "यंत्र डावे" आणि "यंत्र उजवे" अशी आहेत. रुक्ष आहेत, पण खरी आहेत.

कोथरूडचा_शंकेखोर

हेतू उत्तम आहे, पण दोन शंका विचारल्याशिवाय राहवत नाही. पहिली कायद्याची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला, त्याला २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पत्ते म्हटले की लोक बिचकतात. तुमचा पाच-तीन-दोन कुठे बसतो? आणि दुसरी शंका अशी, की जाहिराती नाहीत, नाणी नाहीत, तर सर्व्हरचे भाडे कोण भरणार?

जुना_भिडू

कायद्याच्या शंकेला मी उत्तर देतो, नोकरीत असताना थोडा कायद्याशी संबंध आला होता. पूर्वी सगळा वाद कौशल्य की नशीब, यावर चाले. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते, आणि पुढे बरीच वर्षे व्यवसाय त्या वाक्यावर उभे राहिले. नव्या कायद्याने तो वादच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे किंवा तत्सम काही लावून, पैसा जिंकण्याच्या आशेने खेळला जात असेल, तर तो चालवणे गुन्हा, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मात्र करमणुकीच्या सामाजिक खेळांना त्यात स्वतंत्र जागा दिलेली आहे. त्यांनी वर्गणी घेतली किंवा एकदाच प्रवेशशुल्क घेतले तरी चालते, ती रक्कम पणाला लावलेली नसली म्हणजे झाले. म्हणून तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही यातच आहे. वर्षाला माफक वर्गणी घ्यावी. नाणी मात्र नकोत, कारण विकत घेतलेली नाणी, त्यांची बक्षिसे, मग बक्षिसांचे कूपन, असे करत करत माणूस कोणत्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

मुलांचाही विचार करावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, आणि त्याच्या वागण्याचा माग काढून जाहिराती दाखवण्यास मनाई करतो. जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावीही लागत नाही, त्यामुळे प्रणालीकारांची खाते न विचारण्याची सूचना मला या बाजूनेही पटते.

शब्दवेल्हाळ

पत्त्यांची चर्चा पुष्कळ झाली, शब्दखेळाकडे कोणी पाहिलेच नाही. मी भाषेची शिक्षिका आहे आणि मराठी शब्द ओळखण्याचे बरेच खेळ खेळून पाहिले आहेत. त्यांपैकी बहुतेकांत इंग्रजीचा साचा तसाच उचललेला असतो आणि तो आपल्या लिपीच्या अंगावर नीट बसत नाही.

इंग्रजीत पाच अक्षरांचा शब्द म्हणजे पाच चौकटी. मराठीत "विद्यार्थी" किती अक्षरांचा? शाळेतले मूलही तीन सांगेल: वि, द्या, र्थी. संगणकाच्या सांकेतिक भाषेत मात्र त्यात दहा चिन्हे आहेत, कारण वेलांटी, काना, हलन्त हे सारे स्वतंत्र मोजले जाते. "क्षेत्र" दोन अक्षरांचा, चिन्हे सात. आमच्या घरी एका खेळात "क्षेत्र" लिहिले, तर चौकटींत पाय मोडलेला क, मग ष, मग त्याची मात्रा वेगळी, असे काही भयंकर दिसले. माझी मुलगी म्हणाली, "आई, शब्दाचा अपघात झालाय."

दुसरा प्रश्न रंगांचा. अक्षर बरोबर की चूक, हे या खेळांत चौकटीच्या रंगावरून कळते. उत्तर "कागद" असेल आणि मी पहिल्या चौकटीत "की" टाकले, तर क बरोबर आहे आणि स्वर चुकला आहे. हे पूर्ण चूक म्हणणे अन्यायाचे, आणि बरोबर म्हणणे खोटे. इथे अर्ध्या रंगाची काहीतरी सोय हवी.

प्रणालीकार

ताई, अक्षरे तोडण्याचा दोष बऱ्याच अंशी दूर झाला आहे. जोडाक्षर हलन्ताजवळ तोडू नये, असा नियम देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतपद्धतीच्या १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये आला. ब्राउझरमध्येच अक्षरे विभागण्याची सोय असते, ती वापरावी. परंतु जुन्या फोनवर जुनाच नियम चालू असू शकतो, म्हणून मी जोडाक्षरांची स्वतःची लहानशी तपासणी लिहून वर ठेवतो. वेबपानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्येही सांगावे, म्हणजे ज्या टंकात सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि ताईंसारख्यांच्या डोळ्यांना खुपतात. आणि "दुसऱ्या" मधला अर्धा र प्रत्येक टंकात तपासून घ्यावा.

उतारू

शब्दवेल्हाळ, अर्धा रंग करतो. चौकटीचा खालचा भाग व्यंजनासाठी आणि वरची पट्टी स्वरासाठी, असे चित्र डोक्यात आहे. "की" टाकले की खालचा भाग हिरवा, पट्टी कोरी. जोडाक्षराचे काय करायचे, ते अजून ठरत नाही, तुमची मदत लागेल.

आता तिसरा प्रश्न, पुन्हा बोलावण्याचा. आमच्यापैकी एकाचे म्हणणे आहे, की सलग किती दिवस खेळलात तो आकडा दाखवावा.

कोथरूडचा_शंकेखोर

अवश्य दाखवावा. मला सलग आकड्यामुळेच सवय लागते. माझे एका कोड्याचे २१४ दिवस झाले आहेत.

तिसरी_शिट्टी

आणि २१५ व्या दिवशी घरात लग्नकार्य निघाले तर? मागे माझे सासरे चार दिवस रुग्णालयात होते. तेव्हा एका खेळाने मला रोज रात्री आठवण करून दिली, की तुमची साखळी आज तुटणार आहे. शेवटी मी बाकड्यावर बसून, न पाहता काहीतरी दाबून ती साखळी राखली आणि मला माझाच राग आला. उपवास मोडल्यावरही देव इतका बोलत नाही.

उतारू

ताई, हे वाचून आमच्यातला वाद मिटला. सलग आकडा नको. त्याऐवजी महिन्याचे एक साधे पान, ज्यात खेळलेल्या दिवसांवर टिकली असेल आणि न खेळलेला दिवस नुसता रिकामा असेल, लाल नव्हे. शंकेखोर, तुम्ही टिकल्या मोजून सलग किती ते काढू शकता, आम्ही मोजून देणार नाही. आठवणीचे संदेशही पाठवणार नाही.

पाच-तीन-दोनमध्ये उद्या येण्याचे कारण मुळातच आहे, हे मला उशिरा सुचले. ज्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त हात केले, तो पुढच्या डावात कमी पडलेल्याचे पान ओढतो. आज तुमचा एक हात जास्त झाला, तर उद्याच्या वाटणीत यंत्र उजव्याचे एक पान तुम्ही ओढायचे आणि आपले एक नको असलेले परत द्यायचे. चार दिवसांनी आलात तरी ते येणे तसेच शिल्लक. एक पेच आहे खरा, की ओढाओढीमुळे सर्वांची पाने तंतोतंत सारखी राहत नाहीत आणि ब्रिजसारखी तुलना बिघडते. म्हणून तुलनेचा रोजचा डाव वेगळा आणि देण्याघेण्याचा डाव वेगळा, असे दोन दरवाजे ठेवतो आहोत. नवख्यांसाठी तिसरा दरवाजा "कच्चे लिंबू" नावाचा. तिथे हात मोजलेच जात नाहीत.

चाचणीची आवृत्ती काल रात्री चढवली आहे. ज्यांनी निरोप पाठवला त्यांना दुवा दिला आहे.

तिसरी_शिट्टी

आज सकाळी खेळून पाहिला. पहिल्या शिट्टीला इस्पिक हुकूम बोलले, तिसऱ्या शिट्टीपर्यंत सहा हात झाले होते, त्यांतले चार माझे. गॅस बंद करून फोन तसाच ओट्यावर ठेवला. मग वरणाला फोडणी, डबे, मुलीची वेणी, बाईंना निरोप. पाऊण तासाने पडदा उघडला, तर डाव जिथे होता तिथेच, खाली फक्त "तुमची पाळी" असे लिहिलेले. नाणी नाहीत, लाल चौकट नाही. बरे वाटले.

पण एक अडचण आली. पाऊण तासात मी विसरून गेले होते, की इस्पिकचा गुलाम पडून गेला की अजून कोणाकडे आहे. समोर बसून खेळताना हे ध्यानात राहते, डब्यांच्या गडबडीत राहत नाही. मी अंदाजाने राजा टाकला आणि यंत्र डाव्याने एक्क्याने मारला. हारण्याचे दुःख नाही, पण परत येणाऱ्याला मागचे दोन-तीन हात पाहता आले पाहिजेत.

उतारू

हे आम्हा तिघांपैकी कोणालाही सुचले नव्हते, कारण आम्ही तिघेही चाचणी करताना डाव सलग खेळत होतो. डाव जतन केला, पण खेळणारीच्या डोक्यातला डाव जतन झाला नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळाने परतलेल्याला शेवटचे तीन हात आधी हळू फिरवून दाखवू आणि मग पाळी देऊ. सगळेच हात दाखवले तर स्मरणशक्तीचा कस उरत नाही, म्हणून तूर्त तीन. जास्त वाटले किंवा कमी वाटले, तर कळवावे. शनिवारपर्यंत चढवतो.